पॉइंटवरचं तेल

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. माझ्या जुन्या स्कूटरचा विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी बोलू लागायचो.

केजला मी शाळेत शिक्षक होतो. एका दसऱ्याच्या तोंडावर स्कूटर चालताना अडकू लागली, म्हणून स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे दिली. त्यानं ठिणगी पाडणारा इग्निशनचा पॉइंट घासून साफ केला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. आठवड्याभरात ती पुन्हा बंद. मी ढकलतच दुकानावर नेली आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "माझा अस्सल पॉइंट काढून डुप्लिकेट बसवलास."

"गुरुजी, पार्ट तुमचाच हाय. खोटं कावून बोलू? आत्ता खोलून दावतो."

"पुन्हा खोलून आता कॉइल काढून घेतोस काय?"

लोक हसले. गुरुजी बोलले म्हणजे खरंच असणार, असं गाव धरून चाललं. पोरंसोरंसुद्धा त्याला 'पॉइंटचोर' म्हणू लागली. गिऱ्हाईक तुटलं आणि वर्षाच्या आत दुकान बंद करून तो पाटोद्याला गेला. मी स्कूटर पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि मोटारसायकल घेतली.

गेल्या हिवाळ्यात मला उगीचच वाटलं, बघू तरी, हिच्या आत ठिणगी पडते कशी! प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. काहीच नाही. मग गल्लीतल्या वेल्डरकडून पुलर आणून इंजिनावरचं लोखंडी चाक उपसलं. आतल्या चुंबकानं माझा पाना असा खेचला, की मी दोनदा सोडवून पुन्हा लावून पाहिला. मागं कॉइल आणि नखाएवढा पॉइंट. त्याची दोन टोकं उघडतात तेव्हा ठिणगी पडते, एवढीच करामत. भिंग धरलं. कॉइलवर कंपनीचा जो ठसा होता, तोच पॉइंटवर होता. म्हणजे पार्ट माझाच. पण टोकांवर काळं, चिकट काहीतरी वाळून बसलं होतं.

"हे काय असेल गं?" मी बायकोला विचारलं.

तिनं वास घेतला. "मशीनचं तेल. गाडी दुरुस्त होऊन आली, त्याच खंडेनवमीला कुपी घेऊन घरभर फिरला होतात की! शिलाई मशीन, पंखा, कडबाकुट्टी. स्कूटरच्या इंजिनावरच्या ह्या चाकाच्या भोकातही ओतलंत. मी म्हणत होते, पुरे करा."

पूजेआधी यंत्रांना तेल द्यायचं, हे वडिलांपासूनचं. पॉइंटवर तेल चालत नाही, त्यानं वीज अडते, हे मला ठाऊक नव्हतं. पॉलिश पेपरनं टोकं घासली, दाढीची चार ब्लेडं एकावर एक धरून तेवढ्या जाडीची फट टोकांमध्ये लावली. प्लगवर निळी ठिणगी उडाली. ताजं पेट्रोल घातलं आणि गाडी सुरू झाली. मला आनंद झाला आणि लगेच तो मिस्त्री आठवला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पाटोद्याला गेलो. तो मुलाच्या दुकानापुढं खुर्ची टाकून बसला होता. थकला होता, तरी त्यानं मला ओळखलं.

"या गुरुजी. गाडी हाय का अजून, का इकली?"

"आहे. चालू केली काल."

"कुणी केली?"

"मीच."

"आरं वा! लई उशिरा शिकलात की," तो हसला आणि चहा सांगितला.

दुकानात माणसं होती. त्याच्यावर आळ घेतला तेव्हाही होती. पण आता त्यांच्यासमोर माझी जीभ उचलेना. चहा पिऊन मी उठलो. दोन महिन्यांनी तो गेल्याचं कळलं. बोलायचं होतं ते एवढंच: मिस्त्री, पार्ट तुम्ही बदलला नव्हता. तेल मी ओतलं होतं. मला माफ करा.