अननस, पोर्क आणि मी बंद केलेलं बटण

चतुर्थीच्या दिवशी स्लो कुकरचं बटण मी बंद केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. पुढचं बरंचसं आनंदाचं आहे, आणि तो आनंद आठवला की अजूनही मला एका जागी बसवत नाही. उठून ओट्यापाशी जावंसं वाटतं.

आम्ही डिचोलीत राहतो. मी म्हापशाला एका कचेरीत कारकून आहे. बायको पेडण्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात नर्स आहे, मुलगी कॉलेजात शिकते. सकाळी सगळ्यांत आधी बायको बाहेर पडते आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी, बस बदलत बदलत घरी येते. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार आमचं रात्रीचं जेवण म्हणजे सकाळचंच वरण, जोडीला तळलेला बांगडा, तोही नसेल तर अंडं. तिघंही दमलेले. कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत, असा न बोललेला करार.

पोर्क आमच्या घरात चालतं, पण त्याला नियम आहेत. ते मागच्या पडवीतल्या शेगडीवरच शिजवायचं. त्याचा टोप वेगळा. तो बाहेरच्या नळावर घासायचा आणि पडवीतल्याच खिळ्याला टांगायचा. बायकोच्या माहेरी तर ते कुंपणाच्या आतसुद्धा आलं नसतं. लग्नानंतर माझ्या जिभेसाठी तिने एवढी वाट काढून दिली, आणि ती स्वतःही हळूहळू चवीने खायला लागली. पण पडवीत शेगडीपाशी दोन-अडीच तास उभं कोण राहणार? संकष्टी-एकादशी टाळून एखादा मोकळा रविवार मिळाला तरच.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बायकोने तो कुकर आणला. तिच्या केंद्रातल्या एका नर्सकडे तिने तो पाहिला होता. पांढऱ्या चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, खाली बारीक लाल दिवा. सकाळी कच्चं घालून बटण दाबायचं आणि संध्याकाळी येऊन जेवायचं. तिने भांडं धुऊन पुसून ओट्यावर ठेवलं आणि मला बजावलं.

"आयकलंत? हे शिवराक भांडं. मांस-मासळी ह्याला लागता नये. सणासुदीचं ह्यातच करणार मी."

"होय," मी म्हटलं.

मनापासूनच म्हटलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात म्हापशाच्या बाजारात चरबीची नाजूक पट्टी असलेला खांद्याचा सुंदर तुकडा दिसला. शेजारच्याच बाईकडे अननस होते, बुडापासून पिवळे झालेले, वासानेच पाय धरून ठेवणारे. दोन्ही घेऊन घरी आलो. पोर्कला आलं-लसूण, मिरी, मिरची आणि माडाची विनागर, म्हणजे माडीचा शिरका, चोळून टोप झाकून ठेवला. "रविवारी करीन," असं बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती बसला गेली आणि मी त्या पांढऱ्या भांड्यासमोर उभा राहिलो. फक्त एकदा, असं स्वतःला म्हणालो. कुकर पडवीत नेला, मांस, अननस, दालचिनी, माडाच्या गुळाचा खडा, सगळं आत ढकललं आणि बटण दाबलं.

त्या दिवशी कचेरीत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोणी फाईल मागितली तर मी दुसरीच देत होतो. परत येताना स्कूटर गल्लीत वळवली आणि वास आला. माझ्या घराचा वास! घरात कोणी नसताना माझ्यासाठी कोणीतरी रांधत बसलंय असा. वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. झाकण काढलं तर अननस पार विरघळला होता आणि मांसाचा भुगा झाला होता. पण तो भुगासुद्धा असा की बोट बुडवलं आणि मी एकटाच हसायला लागलो.

तेवढ्यात मुलगी आली. तिने कुकर पाहिला, मला पाहिलं.

"बाबा, मी काही बघितलेलं नाही. पण पहिली वाटी मला."

सगळं पडवीतल्या जुन्या टोपात ओतलं, पांढरं भांडं चिंच-मिठाने घासलं, पुसलं, जागच्या जागी ठेवलं. पाववाला पोदेर भोंगा वाजवत आला, त्याच्याकडून गरम उंडे पाव घेतले. बायको आली, हातपाय धुऊन पानावर बसली आणि पहिल्याच घासाला थांबली.

"रविवारचं ना? आज कसं केलंत? एवढं मऊ! दोन तास पडवीत उभे होतात?"

"हं," मी म्हटलं.

"दमून आल्यावर? बसा तुम्ही. भांडी आज मी घासते."

तिने भांडी घासली. मी बसून राहिलो. तिथेच बोलायला हवं होतं.

पण खरं सांगू? त्या रात्री माझ्या डोक्यात अपराध कमी आणि अननसच जास्त होता. तो सकाळी घालायचा नाही! शेवटच्या अर्ध्या तासात घालायचा, म्हणजे मांस धागे न होता फोडी राहतात. हे ध्यानात आलं आणि मी अंथरुणात उठूनच बसलो.

तेव्हापासून दर बुधवारी आमच्याकडे पोर्क आणि फळ. कैरी घातली, ती चरबीला अशी भिडली की रस्सा भातावर पुरेना. परसातल्या बिंबलीची मूठभर आंबट फळं घातली, तेव्हा मुलीने डोळे मिटून टाळी वाजवली. पिकलेलं राजाळी केळं चकत्या करून शेवटी सोडलं. बायको म्हणाली, "हे लग्नाच्या पंगतीत वाढा, नवरी सोडून सगळे ह्याच्याकडे बघतील." काजूचे बोंडू मात्र अंगाशी आले. घशात खवखव, आणि वास असा की बायकोने ताट लांब सरकवलं. "ह्यात फेणी ओतलीत काय?" आम्ही तिघंही इतकं हसलो की शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "कितें जालें गो?" मुलगी कॉलेजातून आली की फळ घालण्याचं काम तिच्याकडे असायचं. बायको बसमधून उतरायच्या आत भांडं धुऊन कोरडं. तिघांनी मिळून गरम गरम जेवायचं, तेही आठवड्याच्या मधोमध! बुधवार उजाडला की मी शीळ घालत दाढी करायचो.

श्रावण लागला आणि बुधवार थांबले. मग चतुर्थी आली.

आमचा गणपती आमच्याच घरी असतो. माझी थोरली बहीण पेडण्याच्या सासरहून दरवर्षी येते. नैवेद्याचं मिसळ भाज्यांचं खतखतं बायकोच्या हातचं, हे ठरलेलं. पण त्या दिवशी केंद्रात माणसं कमी होती आणि तिला अर्ध्या दिवसाची ड्युटी लागली. तिने पहाटेच सुरण, रताळी, लाल भोपळा, मक्याची कणसं, शेंगा असं सगळं चिरून तूरडाळीबरोबर त्या पांढऱ्या भांड्यात घातलं, वर तिरफळं टाकली आणि बटण दाबलं.

"ताई, मी येईपर्यंत शिजेल. आल्यावर वाटप घालते," असं बहिणीला सांगून ती गेली.

मी देवासमोर माटोळी बांधत होतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची चौकट. कवंडळं, तोरिंगणं, आंबाड्यांचे घोस. हात दोरीत होते आणि डोळ्यांसमोर तो लाल दिवा. ज्या भांड्यात मी बुधवारमागून बुधवार पोर्क शिजवलं, त्यातलं खतखतं थोड्या वेळाने ह्या पाटावर येणार. बहिणीला सांगून भाज्या दुसऱ्या टोपात काढता आल्या असत्या, पण तिने पहिला प्रश्न केला असता: कित्याक? का म्हणून? मग मला वाटलं, कुकर बंदच पडला तर? कच्च्या भाज्या बघून बहीण त्या आपोआप दुसरीकडे शिजवेल. त्या भांड्यात शिजलेलं तरी पाटावर येणार नाही; देव वाचेल, मीही वाचेन. बहीण नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरायला ओटीवर बसली होती. मी आत गेलो, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि परत येऊन दोरी हातात घेतली. स्वतःला शहाणा समजलो.

दुपारी बहिणीने झाकण उघडलं. गार पाण्यात कच्चं सुरण. तिने कपाळाला हात लावला. धुतलेल्या पितळेच्या टोपात सगळं ओतलं आणि गॅस मोठा केला. माझ्या मनासारखंच झालं. त्याच वेळी बायको दारात आली. तिने कुकरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"मी दाबलं होतं ना बटण... नाही दाबलं? घाईत विसरलेच वाटतं."

"मशिनाच्या भरवशार देवाक उपाशी ठेवलंस गो," बहीण म्हणाली. "नोकरीवाल्यांचा असांच. चित्त सगळा तिकडे."

ड्युटीचे कपडे बदलून बायकोने नारळ खोवायला घेतला. मी माटोळीची दोरी ओढत होतो. ती आधीच घट्ट होती.

विसर्जनानंतर तिने कुकर खोक्यात भरून माळ्यावर टाकला. पुन्हा सकाळचंच वरण, पुन्हा बांगडा. ते चाललं असतं. न चालणारं दुसरंच होतं. घरातून निघताना ती गॅस बघायला परत यायची. दाराला कुलूप लावून पुन्हा ओढून बघायची. एकदा बस चुकली, कारण इस्त्री बंद केली का ते बघायला अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, तेव्हाची गोष्ट. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "केंद्रात इंजेक्शनचा ट्रे मी आता पुन्हा पुन्हा तपासते. दुसऱ्या नर्सला बघायला लावते. बटण मी दाबलं, माझं बोट अजून मला आठवतं. पण कुकर तर बंद होता. अहो, डोकं चालेनासं झालंय का माझं? एखाद्या पेशंटचं काही झालं तर?"

मी एका भांड्याची चोरी लपवायला निघालो होतो. मी तिचा स्वतःवरचा भरवसाच काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. ती गेल्यावर मी माळ्यावर चढलो. परसातल्या झाडाचे आंबाडे गोळा केले, ठेचले, आणि सकाळीच बाजारातून आणलेल्या पोर्कवर घातले. ह्या वेळी कुकर पडवीत नेला नाही. ओट्यावर, भर स्वयंपाकघरात लावला. संध्याकाळी गल्लीत तोच वास आला आणि वेड्यासारखा आनंद झाला. आज लपवायचं काहीच नव्हतं! मुलीने विचारलं, "बाबा, टोपात काढू?" मी म्हटलं, "नको. राहू दे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप ताटं मांडली.

बायको आली तेव्हा ते पांढरं भांडं टेबलाच्या मधोमध होतं.

"ह्यात? पोर्क?"

"पहिल्यापासून ह्यातच," मी म्हटलं. "सगळे बुधवार. पडवीत मी कधीच उभा राहिलो नाही."

तिचा चेहरा लाल झाला. "आणि चतुर्थीला तुम्ही मला ह्यात देवाचं..."

"म्हणूनच. तू गेल्यावर बटण मी बंद केलं."

मी शिव्यांची वाट बघत होतो. पण तिने स्वतःचा उजवा हात वर केला आणि त्या बोटाकडे बघत राहिली.

"म्हणजे मी दाबलं होतं," ती म्हणाली. मग मुलीचे खांदे धरून जवळजवळ ओरडलीच, "मी दाबलं होतं गो! मी विसरले नव्हते!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मुलगीही रडायला लागली. मलाही आवरेना.

मग ती माझ्याकडे वळली, आणि हसू गेलेलं होतं.

"ताईंना फोन लावा. आत्ता. आवाज मोठा करून."

लावला. बहिणीला सगळं सांगितलं. भांडं, बुधवार, बटण, सगळं.

"मेल्या!" पलीकडून आवाज आला. "आनी मी तिका काय काय बोललंय रे! असलो कसो तू?" मग जरा थांबून, "पोर्क त्यात खराच मऊ जाता?"

बायकोने ओठ दाबून धरले. मी फोन तसाच चालू टेबलावर ठेवला, त्या भांड्याशेजारी.

"ताई, तू पण ऐक," मी म्हटलं आणि बायकोकडे पाहिलं. "बटण तू दाबलं होतंस. मी ते बंद केलं, आणि दोष तुझ्यावर आला तेव्हा तोंड उघडलं नाही. तुझ्या भांड्याला मी बाट लावली, पण त्याहून वाईट म्हणजे तुला तुझ्याच हाताची भीती वाटू दिली. चुकलो मी. मला माफ कर."