आतून वाजणारी कडी

सगळ्या जगात बाहेरचा माणूस दार वाजवतो आणि आतला उघडतो. टाचणीच्या घरी आतला वाजवायचा आणि बाहेरचा उघडायचा. रोज सकाळी चहाचं आधण ठेवून टाचणी आपल्याच दाराला आतल्या बाजूने लटकलेली पितळी कडी ठणाठणा आपटायची. समोरच्या घरातली मावशी चपला फरफटत बोळ ओलांडायची, दाराला बाहेरून लावलेला जाडजूड लाकडी अडसर उचलायची आणि म्हणायची, "सुटलीस गं." मग टाचणीचा दिवस सुरू व्हायचा.

टाचणी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. शाळेचे गणवेश शिवता शिवता तोंडात टाचण्या धरायची सवय, आणि तशातही बोलणं थांबत नसे. कधी कधी टाचणी टोचली की शब्द टोचला हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं. आळीने नाव ठेवलं आणि तिनेही ते पदवी मिळाल्यासारखं लावून घेतलं.

हे उलटं दार सासूबाईंच्या काळातलं. दार होतं फार देखणं, पण पडक्या भिंतीची डागडुजी करताना गवंड्याने अख्खी चौकटच पाठपोट बसवली. कोरीव तोंड घरात, उघडीबोडकी पाठ रस्त्यावर. कडी आत, अडसर बाहेर. दार आत उघडायच्या ऐवजी बोळात उघडायला लागलं आणि पहिल्याच दिवशी भाजीवाल्याच्या टोपलीला लागलं. गवंडी हात जोडून म्हणाला, काढून पुन्हा बसवतो. पण तो काम करत असताना शेजारी खुर्ची टाकून बसून "मला शिकवू नकोस, मी सांगते तसं लाव" असं दिवसभर म्हणणाऱ्या खुद्द सासूबाईच होत्या. आता चूक झाली म्हणायची सोय नव्हती. त्यांनी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की दाराचं रूप घरच्या माणसांनी बघायचं असतं, रस्त्याने जाणाऱ्या गाढवांनी नव्हे.

झालं. दार तसंच राहिलं. अडसराशिवाय ते जांभई दिल्यासारखं आपोआप उघडायचं. आतून बोल्ट बसवायचा तर कोरीवकामाला भोक पाडायला हवं होतं, आणि त्यावर सासूबाईंचं म्हणणं होतं की आधी माझ्या कपाळाला पाडा. परसदार होतं, पण ते गटाराच्या चिंचोळ्या बोळात निघायचं आणि तिथून माणसाला कुशीवर वळून जावं लागायचं. टाचणीचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. लग्नानंतर तो असा काही आडवा वाढला की तो मार्ग त्याला बंदच झाला. म्हणून दिवेलागण झाली की मावशी येऊन अडसर लावायची आणि सकाळी काढायची. सासूबाई गेल्या, मावशीचे केस पांढरे झाले, पण हा शिरस्ता चुकला नाही. एकदा मावशीने शिवायला टाकलेल्या कोटाचं माप चुकलं म्हणून दोघींचं पुरतं वाजलं, पावसाळाभर बोलणं बंद होतं. तेव्हाही मावशी वेळेवर यायची, अडसर धाडकन खाली आपटायची आणि तोंड फिरवून जायची.

तर अशा या जुन्या आळीत लोक दारं बघायला यायला लागले. दर रविवारी सकाळी, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. त्यांचे पुढारी आळीतलेच निवृत्त ड्रॉइंगमास्तर. माणूस सज्जन, पण दारापुढे उभा राहिला की त्याचं भान सुटायचं. या फेरीला ते दारफेरी म्हणायचे. दारापुढे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही, की बाई, तुमच्या नळाला पाणी येतं का. असो. लोक यायचे, बघायचे, हरखायचे. आणि टाचणीच्या दाराशी आले की पायही न थांबवता पुढे जायचे.

हे टाचणीला खिडकीतून दिसायचं. रविवारी शिवणकाम बंद, म्हणून अडसरही उशिरा निघायचा, दार मिटलेलं. बाहेरून दिसायच्या नुसत्या फळ्या, आडव्या पट्ट्या आणि गंजके खिळे. समोरच्या ओळीतल्या लोहाराच्या बायकोने एकदा सहज विचारलं, तुमच्याकडे नाही का थांबत ती मंडळी? त्या दिवशी टाचणीने तीन गणवेशांच्या बाह्या उलट्या जोडल्या.

शेवटी एका रविवारी तिने डोक्याला रुमाल बांधला, नवऱ्याचा काळा चष्मा लावला आणि परसदाराने निघून सरळ घोळक्यात शिरली. बघू तरी, लोकांच्या दारांना काय सोनं लागलंय.

आणि बघता बघता ती राग विसरली. या दारांतून ती जन्मभर टेप घेऊन आत-बाहेर करत आली होती, पण थांबून बघितलं कोणी होतं? बेकरीवाल्याच्या दारावर रंगावर रंग चढून पापुद्रे सुटले होते, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली विटकरी, जसे एकाच अंगावर सगळ्या थोरल्या भावांचे शर्ट. कुंभाराच्या मोठ्या दरवाजात एक छोटं दार होतं, इतकं बुटकं की आळीतला सगळ्यात ताठ माणूसही तिथून वाकूनच आत जायचा. तेल्याच्या दाराला एका ठरावीक उंचीवर काळी, मऊ झिलई आली होती. पिढ्यान् पिढ्या तेलकट हातांनी तिथंच ढकललेलं. एका दाराला मांजरासाठी महिरपदार भोक होतं आणि त्या भोकातून खरंच एक मांजर डोकावून घोळक्याकडे बघत होतं, तिकीट कोण काढतंय अशा नजरेनं. टाचणीने हात लावला, वास घेतला, मास्तरांना दोन प्रश्नही विचारले. मास्तर खूश झाले.

मग फेरी तिच्या घरापाशी आली. आपलं दार ती पहिल्यांदाच परक्यासारखी, बाहेरून, रांगेत उभं राहून बघत होती. भुसाराच्या गोदामासारखं दिसलं ते तिला. मास्तर चालता चालता म्हणाले, "इथे काही नाही. पुढे चला."

टाचणीने चष्मा काढला.

"काही नाही कसं? मी राहते इथे."

घोळका थबकला. मास्तर कावरेबावरे झाले, वहिनी, तसं नव्हे, वगैरे पुटपुटले. टाचणीने अडसर उचलला, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना आत नेलं. कोरीव बाजूवर, दाराच्या गोंडेदार खुंट्यांवर आणि कडीवर, शाळेचे निळे-पांढरे गणवेश हँगरला लटकत होते. दिवसा एक कवाड उघडलं तरी लोकांना दिसायचे ते गणवेशच. दुसरं तर ती उघडायचीच नाही. अरुंद बोळात कुणाच्या नाकावर बसेल म्हणून. तिने एकेक हँगर काढला. खालून वेल उमटली. वेलीत चोच भिडवून भांडणारे दोन पक्षी. फळ कुरतडणारी खार. मासे. अगदी वर, कोपऱ्यात, हसतोय की जांभई देतोय हे न कळणारा एक सिंह. मास्तर कापडं बेतायच्या टेबलावर मटकन बसले, कात्रीवर बसले असते, थोडक्यात वाचले. मग म्हणाले, दारफेरीच्या समितीला सांगतो, सुतार-गवंडी समितीच्या खर्चाने, पुढच्या सोमवारी चौकट काढून सरळ बसवू. तुमचं दार फेरीतलं शेवटचं दार. सगळ्यात शेवटी ठेवू, म्हणजे लोक तेच डोळ्यांत घेऊन घरी जातील.

टाचणीने ही बातमी स्वतः घरोघर जाऊन दिली. लोहाराच्या बायकोकडे तर दोनदा गेली, पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल म्हणून. मावशीकडे गेली तेव्हा मावशी शेंगा सोलत होती.

"आता आतून आमचा आम्ही अडसर लावू," टाचणी म्हणाली. "तुमची कटकट मिटली."

"बरं झालं बाई," मावशी म्हणाली. "माझे गुडघे सुटले."

आणि शेंगा सोलत राहिली. टाचणीला वाटलं, हिला आनंद झालेला दिसत नाही. पण तिच्या स्वतःच्या डोक्यात तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

आठवडाभर मावशी अडसर काढायची तो अगदी हलक्या हाताने, आवाज न करता. भिंतीला टेकवून ठेवताना त्याच्यावरून एकदा हात फिरवायची. "सुटलीस गं" मात्र म्हणेनाशी झाली.

रविवारी संध्याकाळी नवरा जेवताना म्हणाला, की मावशीने उद्या व्हॅनमधून बसस्टँडवर सोडशील का म्हणून विचारलंय. मुलीकडे जातेय. कायमची. टाचणीचा घास हातातच राहिला. मावशीची मुलगी मोठ्या शहरात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची आणि वर्षानुवर्षं आईच्या मागे लागलेली होती, इथे ये, एकटी राहू नकोस. मावशीला जायचं नव्हतं. तिला तिची ओसरी हवी होती, तिची मांजरं, तिची भांडणं. पण मुलीला तोंडावर नाही कसं म्हणणार? म्हणून तिचं एकच ठरलेलं उत्तर असायचं: मी कशी येऊ, समोरचं दार कोण लावणार? मुलीकडे गेली तरी दिवस मावळायच्या आत परत. त्या उत्तराला मुलीकडे तोड नव्हती. आता मुलीने फोनवर विचारलं होतं, की दार तर सरळ होतंय, आता काय कारण सांगशील?

"मग तिनं काय कारण सांगितलं?" टाचणीने विचारलं.

"काहीच नाही. बॅग भरली."

टाचणी पुढे काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणून नवऱ्याला झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी मास्तर, सुतार आणि गवंडी बोळात हजर झाले. मावशी आपल्या पायरीवर बसलेली, शेजारी बॅग. अडसर तसाच लावलेला. आळी जमली. सुताराने अडसराला हात घातला तोच आतून टाचणीचा आवाज आला, हात लावायचा नाही. मग कडी वाजली. नेहमीसारखी नव्हे, आग लागल्यासारखी.

"मावशी, अडसर काढा."

"सुतार उभा आहे ना. त्याला सांग."

"सुताराला मी ओळखत नाही."

सुतार बिचारा खजील झाला. आतून नवऱ्याची कुजबुज बाहेर ऐकू येत होती, की अगं पोरं शाळेला खोळंबली असतील, आणि त्यावर टाचणीचं उत्तरही ऐकू येत होतं, की मग परसदाराने जा, पोट इथे ठेवून जा.

"तुझं दार आता तुझ्या हाती," मावशी म्हणाली. "तूच म्हणालीस. मला गाडी गाठायचीय."

"गाठा की. फक्त एवढं सांगून जा, उद्या सकाळी मला सोडणार कोण?"

"दार फिरवल्यावर सोडायचं काय त्यात?"

"दार फिरणार नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. फळ्यांच्या फटीला तोंड लावून ते काकुळतीने म्हणाले, वहिनी, मग ते पक्षी, ती खार, लोकांना दिसणार कशी? दारफेरीचं काय?

आतून टाचणीचा आवाज आला, गिऱ्हाइकाला समजावतानाचा.

"मास्तर, कोटाचं अस्तर दाखवायचं म्हणून कोणी कोट उलटा शिवून देत नाही. बटणं सोडायची, पुढचे दोन्ही पदर उलटायचे, दिसतं अस्तर. माझं दार बोळात उघडतं ना? दोन्ही कवाडं पार भिंतीला टेकेपर्यंत उघडा. कोरीव बाजू येते की नाही रस्त्यावर?"

मास्तरांनी हवेत दोन्ही हातांनी कवाडं उघडून बघितली. पुन्हा एकदा उघडली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"पण उघडायचं माणूस बाहेरचं लागतं," टाचणी पुढे म्हणाली. "दर रविवारी. आणि रोज सकाळी. आणि ते माणूस जर चौथ्या मजल्यावर जाऊन बसणार असेल, तर मी आहे तशीच आत मरते."

मावशी बराच वेळ बॅगेच्या बंदाशी चाळा करत बसली. मग गुडघ्यावर हात देत उठली, बोळ ओलांडला आणि सुताराला कोपराने बाजूला सारलं. अडसर काढला आणि असा काही दणकन खाली आपटला की गवंडी दचकला.

"सुटलीस गं," ती म्हणाली.

दार उघडताच पहिला धावला तो नवरा, व्हॅनकडे. टाचणीचे डोळे लाल होते, पण तोंडात टाचण्या होत्या, तेव्हा कोणी विचारायची सोय नव्हती. मावशीने टाचणीच्याच उंबऱ्यात उभं राहून मुलीला फोन लावला. म्हणाली, नाही बाई जमणार. इथे माझ्यावाचून माणसं कोंडून राहतात.

आता दारफेरीचं शेवटचं दार टाचणीचंच. लोक दमून येतात, समोर फळ्या आणि गंजके खिळे बघून एकमेकांकडे बघतात. मास्तर बोट ओठावर ठेवतात. मग आतून कडी वाजते. मावशी आपल्या पायरीवर निवांत बसलेली असते. ती लगेच उठत नाही. आधी जमावाला दटावते, की मागे सरका, दार नाकावर बसलं तर मला बोलायचं नाही. एकदा खुद्द मास्तरांचाच चष्मा गेला, तेव्हापासून ते सगळ्यात मागे उभे राहतात. लोहाराच्या बायकोला तिच्या पायरीवरून सगळं फुकटात दिसतं, तरी ती दर रविवारी मान वळवून दुसरीकडे बघते. कडी दुसऱ्यांदा वाजते. मावशी चपलेत पाय सरकवते, एक चप्पल मुद्दाम सापडत नाही.

तिसऱ्यांदा कडी जराशी रागाने वाजते.

"आले गं," मावशी बोळाच्या मधोमध थांबून लोकांकडे बघत म्हणते. "पळून चाललीस का कुठे?"