श्री नसलेली पत्रिका

मी सीताबर्डीतल्या एका छापखान्यात अक्षरं आखायचो. मोठ्या जाहिरातींसाठी अक्षर कागदावर काढायचं, सुताराने ते सागवानात कोरायचं आणि मग कुस्त्यांची दंगल असो की सर्कस, शहरातल्या भिंतींवर ते झळकायचं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि मला जुन्या अक्षरांचा मनापासून कंटाळा आला होता. मला हवं होतं ठोकळ्यासारखं अक्षर, सगळीकडे सारखंच जाड, पट्टी आणि कंपासातून निघालेलं. बाबा विणकर. लुगड्याच्या किनारीची नक्षी ते ज्या चौकटीच्या कागदावर उतरवायचे, तोच कागद मी घेतला. गोलाईला आईच्या बांगड्या वापरल्या.

सहा महिन्यांत जवळजवळ सगळी अक्षरं बसली. एक श्री तेवढा बसेना. चौकटीत घातला की त्याचं शेपूट बाहेर यायचं. शेवटी मी त्याचा नाद सोडला. सर्कशीला श्री कशाला लागतो?

मग माझंच लग्न ठरलं. पत्रिका पोस्टकार्डावर छापायची होती. 'शुभविवाह' मी माझ्या नव्या अक्षरात मुद्दाम लहान कोरून घेतलं. लहान म्हणजे तरी अर्धं कार्ड भरेल एवढं, काळंकुट्ट. खाली शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे तयार बारीक अक्षरांत, साधा मजकूर. वर शिशाचाच बारीक श्री लावून पाहिला, तर पैलवानाच्या डोक्यावर चिमणी बसल्यासारखा दिसला. मी तो काढून टाकला.

"श्री राहिला ना गा," खिळे जुळवणारे काका म्हणाले.

"राहू द्या," मी म्हणालो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

खरी रीत अशी की पत्रिका आधी घरी न्यायच्या, आईने कोपऱ्यांना कुंकू लावायचं, मगच टपालात टाकायच्या. पण पहिलं कार्ड उमरेडच्या आत्याला जावं ही माझी हौस. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, विधवा, एकटी राहणारी. त्यांची आई गेल्यावर बाबांना तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. आणि बाबा दोन महिने दम्याने अंथरुणाला खिळले होते, हे तिला ठाऊक होतं. शाई वाळताच मी तिचं कार्ड रस्त्यावरच्या पेटीत टाकून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फुटला. आत्या! केस मोकळे, पाय अनवाणी. "माह्या भाऊ रे! मले सोडून काहून गेला गा!" आई लाटणं हातात घेऊनच धावली. मी अंगणात दात घासत होतो, तो तसाच उभा राहिलो.

बाबा भिंतीला धरत दारात आले. "बाई, का झालं?"

आत्याचा आवाज मध्येच तुटला. ती दोन पावलं मागे सरकली. मी तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिने आधी बाबांच्या पावलांकडे पाहिलं, ती उलटी नाहीत ना म्हणून. मग पुढे येऊन त्यांचे दंड चाचपले आणि तिथेच खाली बसली.

"कार्ड आलं," ती म्हणाली. "वर श्री नाही, कुंकू नाही. काळं अक्षर, एवढं मोठं. कोनाकडून वाचून का घ्याचं होतं? फाडलं, आंग धुतलं, अन् सकाळच्या गाडीत बसली."

मरणाच्या पत्रावर श्री नसतो, ते घरात ठेवत नाहीत, फाडून आंघोळ करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. माझं अक्षर कार्डावर जरा देखणं दिसावं म्हणून त्या बाईने एक अख्खा दिवस आणि एक रात्र आपला भाऊ मेलेला पाहिला होता.

"बरं झालं बाई, माहं आयुष्य वाढलं," बाबा हसले आणि खोकले. आत्या हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले श्री काहून नाही टाकता आला?"

चौकटीत बसत नाही, म्हणालो, आणि कागद दाखवला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण उंबऱ्यासमोर रोज रांगोळीने श्री काढायची, तिच्या लेखी ती नक्षीच. तिने रांगोळी मागितली, ठिपके मांडले. "शेपूट तिरकं काहून नेऊन राहिला? सरळ खाली आण अन् दुमड." पाच-सहा रेषांत श्री उभा राहिला, चौकोनी, भक्कम, माझ्या अक्षरांचं सख्खं भावंड. सहा महिने डोकं फोडलेला मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो.

पत्रिका पुन्हा छापल्या. तो श्री पुढे कितीतरी घरांच्या पत्रिकांवर गेला, दुकानांच्या पाट्यांवर गेला. कुणी काढला ते कुणी विचारलं नाही.

बाबांचं आयुष्य खरंच वाढलं. आत्या आधी गेली, तीन वर्षांनी. तिच्या तेराव्याचं कार्ड मीच जुळवलं. वरची ओळ लावताना हात सवयीने तिच्या श्रीकडे गेला. ठोकळा उचललाही. मग परत खणात ठेवला.

पहिलं कार्ड मी टपालात टाकलं नाही, घरी नेलं. बाबांनी वरच्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला.

"ह्या टायमाले बराबर छापलं," ते म्हणाले.