दोन चेंडू बाकी

दोन हजार सात सालचा डिसेंबर, शेवटचा रविवार, सकाळ. ठिकाण आमच्या ताईच्या सासरचं गायरान. निमगाव साव्याच्या अलीकडे रस्ता उसात शिरतो, तिथून डावीकडे. हजर: जुन्नर तालुक्याकडून आठ गडी, आंबेगाव तालुक्याकडून सात, आणि आठवा तळेघरहून निघालाय असा निरोप. तळेघरहून निघणं म्हणजे आधी एसटीच्या थांब्यापर्यंत चालणं आणि मग एसटी येईल अशी आशा धरणं, म्हणून त्याला मी हजेरीत अर्धा धरला होता. पंच म्हणून निवृत्त पोस्टमन. टुर्नामेंट कमिटीचा अध्यक्ष, म्हणजे दाजींचाच चुलत पुतण्या, आणि त्याच्या शेजारी सिमेंटचा ठेकेदार. मासवडीचं पातेलं घेऊन ताई. चहा, पाणी, औषधाची पेटी आणि स्कोअरबुक सांभाळायला मी. आणि मैदानाच्या मधोमध, पांढरी पँट छातीपर्यंत ओढून, पॅड बांधून, अजून कोणी बोलावलेलं नसताना उभे असलेले दाजी.

आमच्या दाजींइतका सावकाश माणूस जुन्नर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस शेजारच्या तालुक्यातही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईला पाहायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आमचे वडील घसा खाकरून उत्तराची वाट बघत बसले, तर हे उठले आणि म्हणाले, "पयला डाव झाला. दुसऱ्या डावाला पुढच्या रविवारी येतो." वडील संतापले. ताई मात्र आत माझ्या खांद्यावर डोकं टेकून इतकी हसली की लग्न तिथंच ठरलं. वडिलांना ते पुढच्या रविवारी कळलं.

एसटीच्या थांब्यावर दाजी उभे राहिले की भरलेली गाडी सोडून द्यायचे. अर्धी भरलेली आली तरी आधी तिच्याकडे बघायचे, कंडक्टरकडे बघायचे, आणि ती निघून गेली की "ही आपली नव्हती" म्हणायचे. माझ्या मुलाच्या बारशाला ते पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या, पाळणा सोडून ठेवला होता. त्यांनी नाव विचारलं, जेवण केलं, पान खाल्लं आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "चांगलंय नाव." कांदा काढला की गावात सगळ्यांची विकायची घाई. दाजी चाळीत कांदा भरून दारात खुर्ची टाकून बसायचे. व्यापारी भाव सांगून जायचा, दाजी मान हलवायचे. मी एकदा न राहवून विचारलं की कधी तरी विकायचाय ना? ते म्हणाले, "कलेक्टरबाई, बाहेरनं जाणारा चेंडू सोडायचा असतो." मी याद्या करते, सगळ्यांना वेळेवर कामाला लावते, म्हणून त्यांच्या तोंडी मी कलेक्टरबाई. काही वर्षं त्यांच्या कांद्याला सोन्यासारखा भाव आला आणि काही वर्षं कांद्याला चाळीतच कोंब आले. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा सारखाच.

हे सगळं आलं क्रिकेटमधून. दाजींच्या लेखी क्रिकेट म्हणजे पांढरे कपडे, लाल चेंडू, प्रत्येकी दोन डाव आणि किमान दोन दिवस. बाकी सगळं म्हणजे हातपाय हलवणं. गायरानाच्या मधोमध त्यांनी स्वतः तांबडी माती आणून, शेण कालवून, दगडी रोलर फिरवून खेळपट्टी केली होती. तिच्यावरून शेळी गेली तर शेळीच्या मालकाच्या घरी जाऊन ते शांतपणे बसून राहायचे. बोलायचे काही नाहीत. दोन वेळचा चहा झाला की मालक स्वतःच माफी मागायचा.

दरवर्षी डिसेंबरात तिथं जुन्नर आणि आंबेगाव अशी दोन दिवसांची मॅच व्हायची. पाहुण्यांचा कप्तान घोडेगावचे हमीदभाई, गादीवाले. हे सावकाश फिरकी टाकायचे. इतकी सावकाश, की चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजाचं धोतर सुटलं तरी बांधून परत खेळता येईल, असं पोस्टमन म्हणायचे. दाजी आणि हमीदभाई एरवी एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणारे, पण मैदानात दोघं एक शब्द बोलत नसत. जेवणाच्या सुट्टीत मासवडी आणि झणझणीत रस्सा हा रिवाज, आणि त्यात दाजींची एक खोच होती. जेवणानंतर पाहुण्यांनी क्षेत्ररक्षण करावं असं ते सगळं जुळवून आणायचे. मासवडी पोटात गेलेला माणूस चेंडूमागे धावत नाही, त्याच्याकडे आदराने बघतो. हमीदभाईंना हे पक्कं माहीत होतं, तरी दरवर्षी ते चौथी मासवडी घ्यायचेच.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेनिस बॉलच्या टुर्नामेंट आल्या. आठ षटकांची मॅच, मांडव, लाउडस्पीकर, टीव्हीवर ऐकलेल्या हिंदीतली कॉमेंट्री, पहिलं बक्षीस फ्रीज आणि उत्तेजनार्थ बोकड. एका दिवसात पाच-सहा संघ घरी जायचे. गावातली तरणी पोरं एकेक करून तिकडे गेली. मी दाजींना समजावलं की लोकांना कामं आहेत, कंपनीत सुट्टी मिळत नाही, दोन दिवस कोण देणार? ते रोलर ओढत होते. थांबले आणि म्हणाले, "आठ षटकांत माणसाचा घाम बी येत न्हाई. त्याचा सभाव कवा कळायचा?"

त्याच सुमारास ती मॅच अडकली. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन रंगात असताना, अवेळी थ्री फेज वीज आली. विहिरीवरच्या मोटारी चालू करायला दोन्हीकडचे गडी मैदानातून जे पळाले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. दाजींनी आणि हमीदभाईंनी मैदानाबाहेर येऊन ठरवलं की मॅच संपलेली नाही, थांबलेली आहे. पुढच्या वर्षी इथूनच पुढे. त्या दिवसापासून नवी मॅच झाली नाही. तीच मॅच दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकत राहिली. एका वर्षी दोन षटकं झाली आणि लग्नाची वरात मैदानातून गेली. एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत, तर दाजी पांढऱ्या कपड्यांत दिवसभर बसून राहिले आणि संध्याकाळी स्टंप उपटून घरी आले.

पुढे एका डिसेंबरात आमचा शेवटचा डाव, शेवटची जोडी, हमीदभाईंच्या, म्हणजे मॅचच्या शेवटच्या, षटकाचे दोन चेंडू झालेले आणि जिंकायला आठ धावा हव्या असताना दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा चेंडू उंच मारला. तो उसात गेला. पोस्टमननी चौकाराची खूण केली आणि त्याच वेळी उसातून गुरगुर आली. बिबट्या. चेंडू एकच, तो आणायला कोण जाणार? पाहुण्यांचा क्षेत्ररक्षक म्हणाला, "दाजी, तुमी मारलाय, तुमीच आणा." दाजींनी उसाकडे नीट बघितलं आणि खेळ थांबल्याचं जाहीर केलं. नंतर वनखात्याने पिंजरा लावला. चेंडू सापडला तो ऊसतोडीच्या वेळी. पुढे हमीदभाईंचा गुडघा बिघडला आणि दोन-तीन वर्षं तशीच गेली. चार धावा आणि तीन चेंडू, एवढ्यावर मॅच उभी.

दोन हजार सातच्या सप्टेंबरात आपण वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. सगळं गाव टीव्हीपुढे, नंतर फटाके. दाजी त्या दिवशी खेळपट्टीला पाणी घालून घरी आले आणि एवढंच विचारलं, "दुसरा डाव कवा हाय?" त्यानंतर पुतण्या आला. पोरगा वाईट नाही. चुलत्यासमोर अजून खुर्चीवर बसत नाही. त्याने मांडलं की आता टुर्नामेंट मोठी करायची, मैदानाच्या मधोमध सिमेंटची खेळपट्टी घालायची, म्हणजे दाजींची मातीची उखडायची. म्हणाला, "तात्या, तुमची चालू मॅच संपेस्तोवर मी हात लावनार न्हाई. शब्द देतो. पण ती संपली की जागा आमची." दाजी म्हणाले, "संपली की तुमची." मी साक्षीला होते. त्यानंतर पुतण्यानेच सगळी धावपळ केली. हमीदभाईंसाठी जीप ठरवली, कंपनीतल्या पोरांना सुट्ट्या काढायला लावल्या, अगदी तळेघरला निरोपही त्यानेच धाडला. इतक्या वर्षांत त्या मॅचची इतकी चांगली व्यवस्था कधी झाली नव्हती, हे मला, व्यवस्था बघणाऱ्या बाईला, कबूल करावं लागेल.

तर तो रविवार. सीमारेषेवर वाळूचा ढीग आणि सिमेंटच्या गोण्या. दाजींनी पोस्टमनना विचारलं की ढीग सीमेच्या आत धरायचा की बाहेर. पोस्टमननी विचार करून सांगितलं की लागला तर चार. म्हणजे नुसता ढिगाला चेंडू लावला की काम झालं, आणि ढीग म्हशीएवढा.

हमीदभाई जीपमधून उतरले, लंगडत आले, दाजींकडे न बघता चेंडू घेतला. तो चेंडू बिबट्याकडून आल्यासारखाच दिसत होता. सगळे जागेवर गेले. हमीदभाई दोन पावलं चालले आणि हात फिरवला. पण तो जुना हात राहिला नव्हता. चेंडू टप्पा न खाता, हळूच, दाजींच्या कमरेशी आला, ताटात वाढल्यासारखा. माझ्या मुलाने वहीने मारला असता तरी वाळूच्या ढिगापर्यंत गेला असता.

"तात्या, हाना!" पुतण्या ओरडला.

दाजींनी डावा पाय पुढे टाकला, कोपर वर, बॅट सरळ, आणि चेंडू पायापाशी दाबून ठेवला. तो तिथंच धुळीत बसला.

मग दाजींच्या बाजूचा शेवटचा गडी पलीकडून म्हणाला की अहो, हा तर मारायचा होता. पुतण्या आत आला आणि जवळजवळ हात जोडून म्हणाला, "तात्या, असला चेंडू कुनी सोडतं का राव?"

दाजींनी खेळपट्टीवरचा एक खडा उचलून बाजूला टाकला. बॅटने माती थापटली. "मारलाच पायजे असा कायदा ह्या खेळात न्हाई," ते म्हणाले. "तुमच्यात आसंल."

हमीदभाई कमरेवर हात ठेवून बघत होते. त्यांनी दाजींकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, ठेकेदाराकडे बघितलं, आणि पायाखालच्या तांबड्या मातीकडे बघितलं. मग गुडघा धरून सावकाश खाली बसले आणि मैदानात कधी न बोलणारा तो माणूस बोलला.

"भाऊ, गुडगा गेला. आता नाय व्हायचं. पुढच्या साली बघू."

"दुसऱ्याला टाकू द्या," पुतण्या म्हणाला. पोस्टमनही नियम सांगू लागले.

"षटक त्यांचं हाय," दाजी म्हणाले. "त्येच टाकतील. मी थांबतो."

मग जेवण झालं. हमीदभाईंनी मांडी घालून, तोच गुडघा दुमडून, पाच मासवड्या खाल्ल्या. ठेकेदारही जेवला. तळेघरचा गडी पोचला तेव्हा रस्सा तेवढा उरला होता. पातेलं घासताना मी ताईला म्हटलं की इतकी वर्षं दाजी मॅच संपली पाहिजे म्हणून जीव काढत होते, आणि हातात आली तर हे असं. ताई राख घेऊन पातेल्यावर फिरवत राहिली. म्हणाली, "मला बघायला आले तवा तरी एका डावात कुठं उरकलं?"

पुतण्याने शब्द पाळला. सिमेंटची खेळपट्टी त्याने गायरानाच्या पलीकडच्या, उताराच्या अंगाला घातली. तिथं आता दर रविवारी लाउडस्पीकर असतो. मधली माती तशीच आहे. भोवती सुतळी बांधलेली, संध्याकाळी पाणी घातलेली. पुढच्या डिसेंबरात हमीदभाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दाजींच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आला. त्यांनी डॉक्टरांना विचार करून सांगतो म्हटलं आहे. पोस्टमन आता मुलाकडे पुण्याला असतात. जुन्नरचे आठ होते, त्यातले चार जमतील असा माझा अंदाज आहे.

मागच्या आठवड्यात घोडेगावहून फोन आला. गुडघा बरा आहे, दोन चेंडू टाकता येतील, तारीख कळवा. मी ताबडतोब तयारीला लागले. दाजींना फोन करून म्हटलं की रविवारची सकाळ धरते, तासाभरात होईल, जेवण घरीच करू.

पलीकडून आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग पाण्याचा तांब्या ठेवल्याचा.

"कलेक्टरबाई," ते म्हणाले, "तासाभरात कसं व्हायचं? दोन दिवस धरा."

औषधाची पेटी भरून ठेवली आहे. मासवडीच्या सारणासाठी तीळ आणि खोबरं ताईकडे पोचवलं आहे. तळेघरला या वेळी चार दिवस आधी निरोप धाडला आहे. नवा पंच शोधला आहे, त्याला दिसतं. आता शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस लाउडस्पीकर बंद ठेवशील का, एवढं पुतण्याला विचारायचं राहिलं आहे.