ऐन वळणावर संपणारे सेल

अर्धांगवायूनंतर बाबांच्या उजव्या हाताची बोटं मोकळी व्हावीत म्हणून फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळायला सांगितला. करी रोडच्या आमच्या घरात सत्तरीचे बाबा वायरलेस कंट्रोलर घेऊन बसू लागले आणि माझ्यामागे पेन्सिल सेलचं झेंगट लागलं.

साधे सेल भराभर संपायचे, म्हणून मी दादरहून रिचार्जेबल आणले. ज्यांच्या पाकिटावर क्षमतेचा सगळ्यात मोठा आकडा होता, तेच उचलले. तो आकडा फुगवलेला निघाला; ते दोन शर्यतीही टिकेनात. मग दुकानदाराने लिथियमचे गळ्यात मारले. ते शेवटपर्यंत चार्ज फुल दाखवायचे आणि अचानक बंद पडायचे. एकदा बाबा चक्क दुसऱ्या नंबरवर होते, तेव्हा ऐन वळणावर तेच झालं. गाडी भिंतीवर आदळली.

"बोटं गेली परत," बाबा पुटपुटले.

"बोटं नाही हो बाबा, सेल गेला!"

त्यांना पटेना. कितीतरी वेळ ते बोटं चोळत बसले. मला रडू आलं, आणि त्या सेलचा असा संताप आला की ते सरळ कचऱ्यात फेकावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी नीट चौकशी करून निकेलचे, कमी आकड्याचे सेल आणले. ते छान टिकतात, पण त्यांचं व्होल्टेज मुळातच थोडं कमी, म्हणून कंट्रोलरवर पहिल्यापासून चार्ज अर्धाच दिसतो. मी हे बाबांना रोज समजावते. तरी ते ती अर्धी खूण बघून खेळायला नकार देतात.

"अगं, आधी चार्ज कर. मध्येच गेले तर?"