उलट्या बाजूने उतरणाऱ्या बाया

आमच्या बंद पडलेल्या हॉल्टचा इतिहास लिहून द्या, असं सरपंचांनी मला सांगितलं. हॉल्ट पुन्हा मिळावा म्हणून निवेदन जाणार आहे, आणि गावच्या शाळेतला जुना मास्तर मीच. पोरं तिथल्या पडक्या तिकीटखिडकीपुढे फोटो काढतात आणि खाली लिहितात, 'हमारा स्टेशन छीन लिया'. ते वाचलं की माझं डोकं तडकतं. कोणी छीन लिया? मी सांगतो.

छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, होती तेव्हा बालाघाटची गाडी इथे दोन मिनिटं थांबायची. एक दगडी ओटा, एक टिनाची खोली, बस. मोठी लाइन टाकायचं ठरलं, तेव्हा कोणता हॉल्ट ठेवायचा हे पाहायला आठ दिवस प्रवासी मोजायचे होते. ते काम शाळेच्या मास्तरवर, म्हणजे माझ्यावर आलं. मोजणी आहे हे गावात आधी सांगा, असं बजावलं होतं. मी सांगितलं नाही. कंटाळा, दुसरं काही नाही.

ओट्यावर टेबल, पुढ्यात रजिस्टर, अंगात इस्त्रीचा शर्ट. भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांनी लांबूनच पाहिलं आणि त्यांना वाटलं, चेकिंग लागली. तिकीट त्यांनी जन्मात काढलं नव्हतं. त्या रुळांपलीकडे थांबल्या आणि उलट्या बाजूने चढल्या. संध्याकाळी तशाच खडीवर उतरल्या, टोपल्या आधी खाली टाकून. आठही दिवस.

डब्याखालून मला त्यांचे पाय दिसत होते. पायांवरूनही मोजता आलं असतं. पण शेजारी वरून आलेले साहेब चहा पीत बसले होते, आणि या आमच्याच बाया, हे म्हणायची मला लाज वाटली. मी लिहिलं, चार. दुसऱ्या दिवशी तीन.

त्याच आठवड्यात त्या बायांतल्याच शेजारच्या काकीने आमच्या घरी टोपलीभर वांगी पाठवली. कशाबद्दल, ते मला कळलं नाही. खाल्ली.

हॉल्ट गेला. मी मोटरसायकल घेतली. सडकेवरचा जीपवाला काकीच्या टोपलीला जागा देईना, तेव्हा तिने परसातली भाजीची बाडी मोडली.

मागच्या आठवड्यात निवेदनावर अंगठा घ्यायला तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती लसूण सोलत होती.

"तू गाडीखालून पाह्यलं होतं, हे मले मालूम आहे," ती म्हणाली. "मीच बायाइले म्हनलं, आपला बापू आहे, पाहून बी सायबाले सांगत नाही. वाचवून राह्यला आपल्याले."

मी नकारार्थी मान हलवली.

"तं वाचवत नोहता?"

"नाही, काकी."

तिने हात पदराला पुसले. मी शाईचा डबा पुढे केला, तो तिने बोटाने मागे सारला.

"कागद दुसऱ्या कोनाच्या हाती पाठव. अंगठा देतो मी. तुह्या हाती नाही."

इतिहास लिहून दिला आहे. सरपंचांना हवा होता तो नाही, हा.