हॉर्न वाजला, आणि आम्ही माना खाली घातल्या

सालवडला आमच्या घरी पाहुणे आले की बायको चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणते, "अहो, तो हॉर्नचा किस्सा सांगा ना!" कुठला, ते विचारायची सोय नाही. एक घडला, मग दुसरा, आणि आता इतके साचलेत की कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, याचा मलाच पत्ता लागत नाही. पाहुणे हसतात. मीही हसतो. पण सांगून झालं की त्यांच्या नजरेला नजर द्यायला जड जातं, हेही खरं.

आम्ही तिघं. मी तारापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. मिश्राजी तिथेच क्रेन चालवतात, राहतात कुंभवलीत. आणि नरेश, समुद्रकाठच्या गावातला, बोईसरला त्याचं बॅटरीचं दुकान. रविवारी त्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही जुन्या गाड्यांचे मुके झालेले हॉर्न पुन्हा बोलते करतो. धंदा नाही, खोड! हॉर्न उघडायचा, आतल्या पडद्याचा गंज काढायचा, करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घासायचे, मागचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि बॅटरीला लावून बघायचं. नाही वाजला तर आमची काही तक्रार नसते. वाजला की मात्र काहीतरी होतंच.

* * *

शेडच्या पाठीला पाठ लावून एक घर आहे. त्या घरच्या मुलीला बघायला एकदा पाहुणे आले होते. आम्हाला कसं कळणार?

मुलाच्या आईनं विचारलं, "गाणंबिणं येतं का हो मुलीला?" मुलगी म्हणाली, "थोडंफार." तिनं घसा साफ केला, डोळे मिटले आणि इकडे नरेशनं जीपच्या हॉर्नची वायर बॅटरीला टेकवली.

व्यायला अडलेली म्हैस जशी ओरडते तसा आवाज!

मुलीचे वडील शेडच्या दारात आले ते हात जोडूनच. "नरेशशेठ, अजून पोहे व्हायचेत. तेवढे होऊ द्या."

आम्ही तिघं खालमानेनं बसून राहिलो. नंतर कळलं, तो मुलगा इतका हसला होता की त्याला ठसका लागला. पाहुणे गेल्यावर मुलगी म्हणाली, "ह्याला हसता तरी येतं. चालेल."

लग्नाला बोलावणं आलं. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

* * *

पालघरचे एक डॉक्टर त्यांच्या वडिलांच्या गाडीचा हॉर्न घेऊन आले. शंखासारखा वळलेला, तोंड रुंद. डॉक्टरांचा पांढरा शर्ट, नवा चष्मा. हॉर्न टेबलावर ठेवून त्यांनी आत डोळा लावला.

"यात काही अडकलंय का हो?"

मी "सर, जरा मागे..." म्हणेपर्यंत नरेशनं करंट दिला. आत कुंभारीण माशीचं मातीचं घरटं होतं. ते सगळंच्या सगळं बाहेर आलं!

डॉक्टरांनी शांतपणे चष्मा काढला, रुमालानं तोंड पुसलं, मिशीतली माती झटकली.

"होतं," म्हणाले.

* * *

पुढचा किस्सा बायको सांगू देत नाही. मी मात्र सांगतो.

एक फार जुना हॉर्न आला होता. आत छोटी मोटर. बटण दाबलं की खालून हळूहळू चढत जाणारा सूर. मिश्राजी म्हणाले, "हमारे आँगन में टेस्ट करते हैं, खुली जगह है." कुंभवलीत, दुपारी, त्यांच्या अंगणात लावला. झकास चढला! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बटण सोडलं, तर ते वर येईना. अडकलं होतं. हॉर्न चढतच गेला.

कारखान्यांच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला असा आवाज म्हणजे वायुगळतीचा भोंगा, हे आमच्या डोक्यात यायला हवं होतं. मी तर रोज तिथेच काम करतो!

नरेशनं वायर उपटली तेव्हा गल्ली रिकामी होती. एक चप्पल, उलटी पडलेली बादली, बस्स. बायका ओढण्या भिजवून, तोंडाला लावून, पोरं काखेत मारून शेताकडे पळाल्या होत्या. वारा कुठून येतो ते बघून पळाल्या होत्या, इतकं त्यांना पाठ. मिश्राजींची बायकोसुद्धा पळाली होती. घराघरांतून भाकऱ्या करपल्याचा वास येत होता. आम्ही घरोघरी शिरून शेगड्यांचा गॅस बंद करत फिरलो.

हळूहळू माणसं परतली. एक म्हातारी धापा टाकत आली, नातू काखेत. गुडघा फुटला होता. माझ्या हाताला धरून म्हणाली, "बरं झालं भाऊ, तुमी पळाले नाय. गॅस बंद केला. कुठल्या कंपनीत झालं रे?"

मी नरेशकडे बघितलं. नरेशनं जमिनीकडे.

मिश्राजी पुढे झाले, अंगणातल्या हॉर्नकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "हमारी."

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. कोणी दिली नाही. म्हातारीनं फक्त माझा हात सोडला.

* * *

डोंगराकडच्या एका पाड्यावरून लक्ष्मण त्याची जीप घेऊन आला. पाड्यावरच्या बायका भाजी घेऊन ह्याच्या जीपनं बाजाराला जातात. हॉर्न पार घोगरा झालेला. आम्ही खूश होऊन असा खणखणीत करून दिला की शहरातल्या नव्या गाडीनं लाजावं!

पुढच्या बाजाराला लक्ष्मण वळणावर थांबून वाजवत राहिला. एकही बाई फिरकली नाही. त्या आपल्या झाडाखाली भारे घेऊन बसलेल्या. कुणा साहेबाची गाडी असेल, म्हणून उठल्याच नाहीत. सगळी भाजी उन्हात मान टाकून गेली.

लक्ष्मण परत आला. रागावला नव्हता, हेच वाईट.

"आवाज चांगला हाय," म्हणाला, "पण वळखीचा नाय."

चांगला वाजणारा हॉर्न बिघडवायला आम्हाला अख्खा रविवार लागला. नरेश प्रत्येक वेळी विचारायचा, "असा होता? का आजून वाईट?"

* * *

वैतरण्याजवळच्या एका गावात एक आजोबा राहतात. त्यांची जुनी मोटार अजून पळते, पण हॉर्न कित्येक वर्षं बंद. "एकदा तो वाजवा रे," म्हणाले, "मग मी मरायला मोकळा." हॉर्न काढून आणला, नीट केला आणि बसवायला आम्ही तिघं त्यांच्या अंगणात गेलो.

सगळं घर जमलं होतं. मुलं, सुना, नातवंडं. आजी पडवीत बसून बोंबील साफ करत होत्या. आजोबा खुर्चीत, आवाज चढवून सगळ्यांना सांगत होते, "अरे, ह्या हॉर्नचा काय थाट होता! मी वळणावर वाजवला की ही आतून धावत येऊन फाटक उघडायची. हातात पीठ असो, कडेवर पोर असो. एकदा तापात होती, तरी आली!" पोरं हसली.

मी वायर जोडली, बटण दाबलं. वाजला! आजोबांचे डोळे भरून आले.

"पण झालं काय होतं रे त्याला?"

मला राहवलं नाही. कामाची फुशारकी! मी खिशातून काळी पडलेली चिंधी काढून सगळ्यांसमोर धरली. "आजोबा, हॉर्नच्या तोंडात ही कोंबलेली होती. हिनं पाणी धरलं, म्हणून आत गंज चढला. लुगड्याचा काठ दिसतोय."

नरेशनं माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

सगळ्यांच्या माना पडवीकडे वळल्या. माझे कान तापले. चिंधी खिशात परत घालावी की खाली टाकावी, तेही सुचेना.

आजींनी हातातला बोंबील पूर्ण साफ केला. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. सावकाश पायऱ्या उतरून मोटारीपाशी आल्या, दार उघडलं आणि स्टिअरिंगसमोर बसल्या. त्या बाजूला त्या कधी बसल्या नव्हत्या, हे मोठ्या सुनेनं मला नंतर सांगितलं.

दोन्ही तळवे हॉर्नच्या बटणावर ठेवून त्यांनी ते दाबलं. काढलाच नाही हात.

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग काठी शोधली, उठले, आणि फाटक उघडायला निघाले.